आइस हॉकीतलं गोलरक्षण: शैली, तंत्र आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आइस हॉकी पहिल्यांदा पाहणाऱ्याला गोलरक्षक म्हणजे अंगभर गाद्या बांधून गोलसमोर उभा केलेला माणूस वाटतो. मलाही तसंच वाटायचं. मग एका हौशी संघात गोलमध्ये उभं राहायला कुणीच तयार होईना आणि ते पॅड माझ्या पायांना बांधले गेले. तेव्हापासून लोकांनी मला विचारलेले आणि मी जाणकारांना विचारून भंडावून सोडलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

मुळात अडवायचं काय असतं?

गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच असतो. पक म्हणजे कडक रबराची चकती: व्यास ३ इंच, जाडी १ इंच, वजन १५६ ते १७० ग्रॅम. क्रिकेटचा लेदरचा चेंडू हातात घेतला असेल तर वजनाचा अंदाज येईल, जवळजवळ तेवढंच. सामन्याआधी पक मुद्दाम गोठवून ठेवतात, कारण गार रबर कमी उसळतं. त्यामुळे तो बर्फावर नीट सरकतो आणि अंगाला लागतो तेव्हा दगडासारखा लागतो.

गोलरक्षणाच्या शैली किती?

पुस्तकी उत्तर तीन: स्टँड-अप, बटरफ्लाय आणि हायब्रिड. खरं उत्तर असं की आज वरच्या पातळीवर खेळणारा जवळजवळ प्रत्येक जण बटरफ्लायच्या पायावर उभा आहे. त्यावर कुणी किती मजले चढवले, एवढाच फरक. शैली म्हणजे सवयींचा संच. शॉट येण्याआधी कुठे उभं राहायचं, कधी खाली बसायचं, हात किती पुढे ठेवायचे आणि चूक झाली तर काय करायचं, हे सगळं त्यात आलं.

स्टँड-अप म्हणजे उभं राहूनच सगळं अडवायचं? असं का?

एके काळी तसा नियमच होता. एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली सगळ्यात वरची व्यावसायिक लीग, १९१७ साली सुरू झाली तेव्हा गोलरक्षकाने पक अडवण्यासाठी बर्फावर पडायला मनाई होती, पडला तर शिक्षा. ओटावाच्या क्लिंट बेनेडिक्टने यातून पळवाट काढली. तो सारखा 'चुकून' घसरून पडायचा. गुडघ्यावर बसलेला दिसायचा म्हणून प्रेक्षकांनी त्याला 'प्रार्थना करणारा बेनी' असं नाव ठेवलं. शेवटी पंच तरी किती वेळा तो घसरला की बसला हे ठरवणार? जानेवारी १९१८ मध्ये नियमच बदलला.

नियम गेला तरी सवय पुढची कित्येक दशकं टिकली आणि तिला कारणं होती. चेहऱ्यावर मास्क नव्हता, म्हणजे डोकं पकच्या उंचीवर आणणं हा वेडेपणा. पॅड चामड्याचे आणि आत केस भरलेले, पाणी शोषून तिसऱ्या सत्रापर्यंत जड होणारे. ते घेऊन खाली बसलेला माणूस वेळेत उठेलच याची खात्री नसायची. म्हणून उभं राहायचं, पुढे येऊन कोन कापायचा, खालचे शॉट स्केटने आणि काठीने वळवायचे. हे तंत्र आज कुणी पूर्ण वापरत नाही. पण त्यातली पुढे येऊन उभं राहण्याची शिस्त जशीच्या तशी उरली आहे.

बटरफ्लाय म्हणजे नेमकं काय?

दोन्ही गुडघे एकत्र खाली, पोटऱ्या दोन्ही बाजूंना फाकलेल्या आणि पॅडचा पुढचा पृष्ठभाग नेमबाजासमोर, म्हणजे शॉट मारणाऱ्यासमोर. समोरून पाहिलं तर पाय फुलपाखराच्या पंखांसारखे दिसतात म्हणून हे नाव. बर्फालगतची सगळी पट्टी एका झटक्यात बंद होते. बहुतेक शॉट खालीच येतात, त्यामुळे हा सौदा फायद्याचा.

याची सुरुवात ग्लेन हॉलकडून झाली असं मानतात. १९५५ ते १९६२ या काळात डेट्रॉइट आणि शिकागोसाठी तो सलग ५०२ सामने खेळला, तेही मास्कशिवाय. हा विक्रम मोडेल असं कुणालाच वाटत नाही. हा माणूस सामन्याआधी नेमाने ओकायचा, हेही तितकंच प्रसिद्ध. त्याच्यानंतर टोनी एस्पोझिटोने ही पद्धत पुढे नेली. पण तिचं शास्त्र केलं ते पॅट्रिक रॉय आणि त्याचे प्रशिक्षक फ्रान्स्वा अलेर यांनी. १९८६ मध्ये रॉयने मॉन्ट्रियलला स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, मिळवून दिला आणि बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला तेव्हा तो २० वर्षांचा होता. पुढच्या पिढीतल्या मुलांनी उभं राहून अडवायला शिकायचंच सोडून दिलं.

गुडघ्यावर बसलं की वरचा अर्धा गोल उघडा पडत नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. त्याचं उत्तर कळलं की अर्धं गोलरक्षण कळलं.

स्टँडमध्ये बसून पाहणाऱ्याला गोलरक्षकाच्या खांद्यांवर भरपूर जाळं दिसतं. पण पकला डोळे नाहीत आणि तो बर्फावर पडलेला आहे. दृष्टी त्याच्या जागेवरून धरायला हवी. समजा पक गोलपासून सरळ २० फुटांवर आहे आणि गोलरक्षक रेषेपासून ४ फूट पुढे. पक बर्फावरून निघून वरच्या बारखालून आत जायचा असेल तर तो गोलरक्षकाजवळून जाताना फार तर ३.२ फूट उंचीवर असेल. गुडघ्यावर ताठ बसलेल्या उंच माणसाचे खांदे साधारण साडेतीन फुटांवर असतात. म्हणजे स्टँडमधून दिसणारी ती मोकळी जागा पकसाठी बंद आहे.

आता तोच गोलरक्षक घाबरून रेषेवर मागे सरकला असं धरा. आता त्याला पूर्ण ४ फूट झाकायचे आहेत आणि ते गुडघ्यावर बसून होणार नाही. 'वरच्या कोपऱ्यात गोल झाला' असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा चूक हाताची नसते. शॉटच्या एक सेकंद आधी पाय मागे गेलेले असतात.

'कोन कापणं' म्हणतात ते हेच?

हेच, फक्त रुंदीत. पकपासून दोन्ही खांबांपर्यंत दोन दोऱ्या ताणल्या आहेत अशी कल्पना करा. त्या दोऱ्यांमधली जागा झाकायची. पक २० फुटांवर असताना रेषेवर उभ्या गोलरक्षकाला ६ फूट झाकावे लागतात, ४ फूट पुढे आलं तर ४.८ आणि ८ फूट पुढे आलं तर ३.६. सराव करताना खरोखर दोरी बांधतात. एकदा माझ्यासाठी बांधली होती. मी मध्यावर उभा आहे अशी माझी पक्की खात्री होती आणि दोऱ्या सांगत होत्या की मी हातभर डावीकडे आहे. गोल पाठीमागे असतो, दिसत नाही. म्हणूनच गोलरक्षक सारखे काठीने किंवा ग्लव्हने खांब चाचपत असतात. लोकांना ती लकब वाटते, पण ती मोजणी असते.

मग आणखी पुढे, आणखी पुढे, असं का नाही करत? कारण पक पास होतो. तुम्ही ८ फूट पुढे असताना तो दुसऱ्या बाजूच्या खेळाडूकडे गेला तर तुम्हाला लांबचा कंस कापत पोचायचंय आणि त्याला फक्त काठी टेकवायची आहे. पूर्वी गोलरक्षक खूप पुढे येत असत. पासिंगचा वेग वाढला तसे ते मागे आले आणि आता बरेच जण क्रीजच्या, म्हणजे निळ्या रंगवलेल्या अर्धवर्तुळाच्या आत राहूनच खेळतात. किती पुढे आणि किती मागे, हा सौदा प्रत्येक शॉटला नव्याने करावा लागतो.

पक पाहून हात हलवायला वेळ तरी मिळतो का?

कधी मिळतो, कधी नाही. एनएचएलच्या मैदानात निळी रेषा, म्हणजे गोलकडच्या विभागाची हद्द, गोलपासून ६४ फुटांवर, म्हणजे साडेएकोणीस मीटरवर असते. तिथून ताशी १४५ किलोमीटर वेगाने मारलेला पक साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो. दिसला, ओळखला, ग्लव्ह नेला, झेलला, एवढं या वेळात बसतं.

२० फुटांवरून ताशी ११० च्या वेगाने आलेल्या शॉटला लागतो ०.२ सेकंद. साधा दिवा लागल्यावर बटण दाबायलाही माणसाला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे जवळचा शॉट पाहून अडवणं बहुतेक वेळा अशक्य असतं. तिथे गोलरक्षक आधीच योग्य जागी असतो आणि पक त्याच्यावर आदळतो. याला ब्लॉकिंग म्हणतात: कोपर अंगाशी, हात पॅडला लागून, कुठेही फट नाही. लांबून येणाऱ्यासाठी रिअॅक्शन: हात पुढे, मोकळे. कुठला शॉट कुठल्या खात्यात टाकायचा हे ओळखणं ही खरी हुशारी. लांबच्या शॉटलाही आखडून बसणारा गोलरक्षक पाहिला की मला तरी चीड येते. पाहायला वेळ होता, मग पाहा ना!

हायब्रिड शैली वेगळी कशी?

हायब्रिडवाला खाली बसायची घाई करत नाही. शॉट पाहून ठरवतो: उभ्याने, अर्धा बसून किंवा पूर्ण बटरफ्लायमध्ये. याचं ठळक उदाहरण मार्टिन ब्रोडर: ६९१ विजय आणि १२५ शटआउट, म्हणजे एकही गोल न खाल्लेले सामने. हे दोन्ही एनएचएलचे विक्रम आहेत. बटरफ्लायची लाट भरात असताना तो आपल्या पद्धतीने खेळत राहिला. नेमबाजाला तो आता काय करेल हे कळायचं नाही, हा त्याचा फायदा. तोटा असा की असं खेळायला खेळ वाचण्याची जी नजर लागते ती शिकवता येत नाही. प्रशिक्षकांना बटरफ्लाय आवडतो तो त्यामुळेच, तो शिकवता येतो.

डॉमिनिक हाशेकची शैली कोणती?

हाशेकची. बर्फावर लोळणं, पाय हवेत, काठी टाकून देऊन उजव्या हाताने पक उचलणं, डोक्यावर पक घेणं. कुठल्याही वहीत न बसणारं सगळं त्याने केलं आणि ते चाललं. १९९७ आणि १९९८ अशी सलग दोन वर्षं एनएचएलचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफी मिळाली. दोनदा ती मिळालेला तो एकमेव गोलरक्षक. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात कॅनडाविरुद्ध शूटआउटमध्ये पाचही नेमबाज त्याने परतवले. अंतिम सामन्यात रशियाला १-० हरवून चेक संघाने सुवर्ण नेलं.

लोक म्हणतात तो नशिबाने अडवायचा. चित्रफीत हळू करून पाहा. पडतानाही त्याची नजर पकवरून हलत नाही आणि शरीराचा कुठला ना कुठला भाग आधीच पकच्या वाटेत असतो. तरीही मुलांनी त्याची नक्कल करू नये. तो कमरेतून जसा वाकायचा तसं बाकीच्यांचं शरीर वाकत नाही.

एका बाजूकडून दुसरीकडे जातात कसे?

मुख्य हालचाली तीन. टी-पुश: एक स्केट जायच्या दिशेला वळवायची आणि मागच्या पायाने जोर द्यायचा. लांबच्या अंतरासाठी. शफल: पाय समोरच रोखून छोटी सरक. पक हळूहळू आडवा जात असेल तेव्हा. आणि बटरफ्लाय स्लाइड: गुडघ्यावर बसलेल्या अवस्थेतच एका पायाने ढकलून सरकणं.

क्रम लक्षात ठेवायचा: आधी डोकं वळतं, मग खांदे, मग पाय. पाय आधी गेले की तुम्ही जोरात सुटता, पण नव्या जागी पोचता तेव्हा छाती अजून जुन्या कोनाकडे असते. अशा वेळी पक काखेखालून आत जातो आणि आपण काठीकडे पाहत राहतो.

खांबाला चिकटून एका गुडघ्यावर बसतात ते काय आहे?

त्याला आरव्हीएच (रिव्हर्स व्हर्टिकल-हॉरिझॉन्टल) म्हणतात. पक गोलच्या मागे किंवा अगदी बाजूच्या अरुंद कोनात असला की वापरतात. आधी व्हीएच नावाची पद्धत होती: खांबाजवळचा पॅड उभा, दुसरा आडवा. आरव्हीएचमध्ये उलट: खांबाकडचा पॅड बर्फावर आडवा, त्याच पायाची स्केट किंवा पॅडचं टोक खांबाला टेकलेलं. दुसरा पाय अर्धवट उचललेला, म्हणजे दुसऱ्या बाजूला ढकलायला तयार. शरीर खांबाला टेकतं, फट राहत नाही आणि पक पलीकडे गेला तर लगेच सरकता येतं. लॉस एंजेलिसच्या जोनाथन क्विकमुळे ही पद्धत घरोघरी पोचली.

दुखणं एकच. खांद्यावरची, कानाजवळची छोटीशी जागा उघडी राहते आणि आताचे नेमबाज नेमकी तीच शोधतात. अरुंद कोनातून कानाजवळून पक गेला की समालोचक गोलरक्षकाला झोडपतात. बऱ्याचदा ते बरोबरही असतात, कारण आरव्हीएचची चटक लागते. पक अजून १५ फुटांवर असताना, शॉट स्पष्ट दिसत असताना खांबाला टेकून बसणं हा आळस. पक खरोखर गोलरेषेजवळ आला की मगच.

फाइव्ह होल कुठे असतं?

दोन पायांमध्ये. बाकी चार म्हणजे गोलचे चार कोपरे. काखेखालच्या दोन फटींना काही जण सहा आणि सात म्हणतात. फाइव्ह होल बंद करायचं काम मुख्यतः काठीचं. काठीचं पातं बर्फावर, स्केटच्या थोडं पुढे. पातं उचललं गेलं की बटरफ्लायमध्ये गुडघे टेकण्याच्या त्या क्षणभरात पक सरळ आत जातो. नवशिक्यांचे बहुतेक गोल इथूनच होतात, माझेही.

रिबाउंडवर एवढा भर का देतात?

कारण पहिला शॉट अडवताना तुम्ही जागेवर असता आणि दुसऱ्याला नसता. पक अंगाला लागून समोर पडला तर पुढचा शॉट रिकाम्या गोलवर. म्हणून छातीवर आलेला पक पोट आत घेऊन, थोडं वाकून गिळायचा. पॅडवर आलेला कोपऱ्याकडे वळवायचा, ब्लॉकरवरचा (काठीच्या हातावर बांधलेल्या सपाट ढालीवरचा) मनगट फिरवून बाहेर काढायचा. हातात आलेला पक धरून ठेवला की खेळ थांबतो आणि दमलेल्या बचावफळीला श्वास मिळतो. हे काम कुणाच्या लक्षात येत नाही. चांगल्या गोलरक्षकाचा सामना कंटाळवाणा दिसतो तो याचमुळे.

समोर गर्दी असेल आणि पक दिसतच नसेल तर?

शोधायचा. कधी एखाद्याच्या कमरेवरून, कधी काखेखालून, उंच होऊन किंवा खाली वाकून. नजर मिळत असेल त्या बाजूला डोकं न्यायचं, पण शरीर कोनावरून हलवायचं नाही. काहीच दिसलं नाही तर शॉटचा आवाज आला की बटरफ्लायमध्ये बसून जेवढं झाकता येईल तेवढं झाकायचं. प्रतिस्पर्धी खेळाडू काठीने पकची दिशा बदलणार असं दिसलं तर त्याच्या जवळ जायचं. दिशा बदलल्यावर पकला पसरायला जेवढी कमी जागा मिळेल तेवढं बरं.

काठी फक्त अडवायला असते का?

नाही. एकट्याने चाल करून येणाऱ्याच्या काठीवरून पक टोचून काढणं, म्हणजे पोक चेक, हे जुनं हत्यार. टोरांटोचा जॉनी बाउअर त्यात वाकबगार होता. फसलं की मात्र तुम्ही बर्फावर आडवे आणि गोल मोकळा, म्हणून आता कमी दिसतं.

दुसरं काम, पक हाताळणं. गोलच्या मागे आलेला पक थांबवून आपल्या बचावपटूला देणारा गोलरक्षक म्हणजे संघाला जास्तीचा बचावपटूच. रॉन हेक्स्टॉलने ८ डिसेंबर १९८७ रोजी बॉस्टनच्या रिकाम्या गोलमध्ये पक मारून थेट गोल केला होता. असं करणारा तो एनएचएलमधला पहिला गोलरक्षक. ब्रोडर आणि त्याच्यासारखे काही यात इतके तरबेज झाले की प्रतिस्पर्ध्यांना पक कोपऱ्यात टाकून मागे धावण्यात अर्थच उरला नाही. मग २००५-०६ च्या हंगामापासून एनएचएलने गोलमागे एक समलंब चौकोन आखला. गोलरेषेच्या मागे गोलरक्षकाने पकला त्या चौकोनातच हात लावायचा, बाहेर लावला तर दोन मिनिटांची शिक्षा. ती शिक्षा भोगायला त्याचा एक सहकारी बसतो, तो स्वतः नाही. मला हा नियम आजही अन्यायाचा वाटतो. एखाद्याला एखादी गोष्ट छान जमते म्हणून ती बंद करायची?

ग्लव्ह कुठल्या हातात घालायचा?

बहुतेक जण डाव्या हाताने झेलतात आणि उजव्या हातात ब्लॉकर व काठी धरतात. उलटं करणाऱ्याला 'फुल राइट' म्हणतात. नेमबाजांना त्याची सवय नसते, हा त्याचा छोटासा फायदा. १९४० च्या दशकात मॉन्ट्रियलचा बिल डर्नन दोन्ही हातांत झेलता येईल असे ग्लव्ह घालायचा आणि नेमबाज कुठून येतोय ते पाहून काठी हात बदलून धरायचा. असा दुसरा झाला नाही.

एकट्याने चाल आली तर काय करायचं?

पुढे निघा, तो जवळ येईल तसं त्याच्याच वेगाने मागे सरका आणि पहिली हालचाल त्याला करू द्या. बस्स. सांगायला सोपं आहे. तुम्ही आधी बसलात की तो पक वर उचलतो. तुम्ही मागे सरकायला उशीर केलात तर तो वळसा घालून जातो. लवकर सरकलात तर सगळा गोल उघडा.

दोन्ही पॅड एकावर एक रचून आडवं सरकणं आता दिसत नाही, का?

त्यानंतर उठायला फार वेळ लागतो. टू-पॅड स्टॅक दिसायला अप्रतिम, हिशोबात तोट्याचं. कधी कुणी मारलंच तर सगळं स्टेडियम ओरडतं आणि प्रशिक्षक कपाळाला हात लावतो.

मास्क कधी आला?

१९२७ मध्ये कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाची एलिझाबेथ ग्रॅहम तलवारबाजीचा मास्क घालून गोलमध्ये उभी राहिली होती. पुरुषांच्या एनएचएलमध्ये मास्क घालणारा पहिला क्लिंट बेनेडिक्ट, तोच घसरणारा. १९३० मध्ये तोंडावर शॉट बसल्यावर त्याने काही सामने चामड्याचा मास्क वापरला. पण नजर झाकली जाते म्हणून सोडून दिला.

खरा बदल १ नोव्हेंबर १९५९ चा. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँडी बाथगेटचा शॉट मॉन्ट्रियलचा गोलरक्षक जॅक प्लांट याच्या तोंडावर बसला. सरावात तो फायबरग्लासचा मास्क घालत असे, पण प्रशिक्षक टो ब्लेक यांना सामन्यात तो चालत नसे. राखीव गोलरक्षक तेव्हा नसायचाच. टाके घालून आलेला प्लांट म्हणाला, मास्कशिवाय परत जाणार नाही. ब्लेक यांच्यापुढे पर्याय नव्हता. मॉन्ट्रियलने सामना ३-१ जिंकला आणि नंतरही संघ जिंकतच राहिला, त्यामुळे मास्क काढायला सांगायचं तोंड कुणाला उरलं नाही. एनएचएलमध्ये मास्कशिवाय खेळणारा शेवटचा गोलरक्षक अँडी ब्राउन, १९७४ पर्यंत.

शैलीच्या इतिहासात मास्क इतका महत्त्वाचा आहे याचं कारण उघड आहे. मास्कशिवाय बटरफ्लाय म्हणजे नाक पुढे करून शॉटची वाट पाहणं. हॉलने ते केलं, म्हणून तर तो हॉल.

मोठे पॅड घेतले की झालं, असं नाही का?

एनएचएललाही तीच भीती होती. २००५ मध्ये पायाच्या पॅडची रुंदी १२ वरून ११ इंचांवर आणली. पुढे पॅन्ट आणि छाती-खांद्यांचं कवचही अंगाला बसणारं हवं असे नियम आले. आकाराइतकाच बदल साहित्यात झाला आहे. आताचे पॅड फोमचे, हलके, पाणी न पिणारे आणि बर्फावर सहज सरकणारे. गुडघ्याच्या आतल्या बाजूला बसताना टेकायला जाड गादी असते. ती नसती तर रोज शेकडो वेळा गुडघे आपटणारी ही शैली कुणाला झेपलीच नसती.

गुडघे आणि कंबर खराब होतात का?

गुडघ्यांपेक्षा खुब्याचा सांधा. बटरफ्लायमध्ये मांडी आतल्या बाजूला वळते आणि सांध्याच्या हाडांवर हाडं दाबली जातात. व्यावसायिक गोलरक्षकांमध्ये खुब्याच्या शस्त्रक्रिया नेहमीच्या झाल्या आहेत. वाढत्या वयातल्या मुलाच्या पोटऱ्या फार फाकत नसतील तर ओढून फाकवू नका. प्रत्येकाच्या हाडांची ठेवण वेगळी असते, ताणून ती बदलत नाही. अरुंद बटरफ्लाय आणि चपळ पाय यांवरही उत्तम गोलरक्षक होता येतं.

उंची किती लागते?

उंच माणसाला फायदा आहे, नाही म्हणण्यात अर्थ नाही. बेन बिशप ६ फूट ७ इंचांचा होता. पण नॅशविलचा यूसे सारोस ५ फूट ११ इंचांचा असून वर्षानुवर्षं पहिल्या फळीत टिकला. वर जो कोनाचा हिशोब मांडला तो बुटक्याला जास्त काटेकोरपणे पाळावा लागतो, इतकंच. उंचाला चूक माफ होते.

गोलरक्षक चांगला की वाईट, हे आकड्यांवरून कळतं का?

सेव्ह टक्केवारी सगळ्यात वापरली जाते. ३० शॉटपैकी २७ अडवले तर .९००. तीन दशांश छापायची पद्धत आहे, टक्के कुणी म्हणत नाही. दुसरा आकडा दर ६० मिनिटांमागे खाल्लेले गोल. तो संघाच्या बचावाबद्दल जास्त सांगतो. दोन्हींची अडचण एकच: निळ्या रेषेवरून आलेला मवाळ शॉट आणि पाच फुटांवरून मोकळ्याने मारलेला शॉट त्यांच्या लेखी सारखे. त्यामुळे हल्ली शॉट कुठून आला याचं वजन धरून हिशोब करतात.

दोन्ही गोलरक्षक जखमी झाले तर?

यजमान मैदानावर एक राखीव हौशी गोलरक्षक तयार ठेवत आले आहेत. २२ फेब्रुवारी २०२० ला टोरांटोत कॅरोलायनाचे दोन्ही गोलरक्षक जायबंदी झाले आणि ४२ वर्षांच्या डेव्हिड एअर्सला उतरवलं. बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र चालवण्याचं काम त्याने केलेलं होतं. पहिले दोन शॉट आत गेले. मग त्याने पुढचे आठ अडवले आणि कॅरोलायना ६-३ ने जिंकली. शेवटच्या सत्रात त्याच्या संघाने त्याच्यासमोर अशी भिंत उभी केली की चांगल्या जागेवरून शॉट येईनातच. तरी आठ अडवले ते त्यानेच.

नवीन मुलाला आधी काय शिकवावं?

स्केटिंग. झेलणं नंतर. पहिले काही आठवडे पक नकोच. खांबापासून खांबापर्यंत जायचं, मध्ये थांबायचं, पुन्हा जायचं. गोलरक्षकाच्या स्केटचं पातं इतरांपेक्षा सपाट असतं, त्यामुळे साध्या खेळाडूच्या सवयी इथे उपयोगी पडत नाहीत.

त्यानंतर बसणं आणि उठणं. बसणं सगळ्यांना लगेच जमतं. उठताना मात्र जवळजवळ प्रत्येक मूल जायच्या दिशेचा पाय आधी उचलतं आणि लटपटतं. डावीकडे जायचं असेल तर उजवा पाय आधी उचलायला सांगा: त्याच्या स्केटची आतली कड बर्फात रोवायची, ढकलायचं, मग डावा. मुलं सुरुवातीला गोंधळतात, पायांकडे पाहतात. पाहू द्या. चार-पाच दिवसांनी नजर आपोआप वर येते, मग पक काढा.